कामणच्या टेकाडावरची दाढ

सामंतबाई समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, दातांत बघत. आमच्या इमारतीत नव्याने राहायला आल्या तेव्हा लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या. मी रीतसर हसलो, 'तिसऱ्या मजल्यावर नाईक' अशी ओळख करून दिली. त्यांनी माझ्या हसण्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "खालचे पुढचे दात गर्दी करून आहेत तुमचे. जबडा लहान पडलाय. आपल्या सगळ्यांचाच पडलाय म्हणा." एवढं बोलून चौथ्या मजल्यावर उतरूनही गेल्या. माझा मजला मागेच राहिला होता. त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, वर एक विक्षिप्त बाई आलीय, जपून राहा.

जपून कसले राहतोय! पुढची सहा वर्षं मी त्या बाईंच्या स्कूटरचा ड्रायव्हर होतो. स्कूटर माझीच, पेट्रोलही बहुतेक वेळा माझंच, पण स्कूटर त्यांची असंच सगळी इमारत समजायची.

बाई मुंबईच्या एका कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत. माणूस माणूस कसा झाला, कधी दोन पायांवर उभा राहिला, दगडाला धार कधी काढायला लागला, हा त्यांचा विषय. या विषयाला मुलं येईनाशी झाली तसा तो विभाग बंद पडला आणि बाईंना शेवटची आठ वर्षं पर्यावरण शिकवायला लावलं. "प्लास्टिकचे दुष्परिणाम, पाच मुद्दे," त्या म्हणायच्या. "लाखो वर्षांवरून पाच मुद्द्यांवर आले मी, नाईक." निवृत्त झाल्या तेव्हा विभागातल्या प्लास्टरच्या कवट्या भंगारात निघाल्या होत्या. त्या बाईंनी उचलल्या आणि टेम्पोत घालून चंदनसारला, आमच्या इमारतीत आणल्या. सात कवट्या. टीव्हीच्या वरच्या फळीवर ओळीने मांडल्या. आमचा वॉचमन एकदा पार्सल द्यायला गेला, तो दारातूनच मागे फिरला. पुढे कितीतरी दिवस त्यांचं पार्सल माझ्याकडे येत असे. कवट्या खऱ्या नाहीत, प्लास्टरच्या आहेत, हे मी त्याला दहादा सांगितलं. तो म्हणायचा, "साहब, प्लास्टर का है, मगर किसी का तो है ना?" हे बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, माझ्या एम.ए.च्या पोरांना हे दोन वर्षांत कळत नव्हतं.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आवाज मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. स्वयंपाकात त्यांना रस नव्हता. मटण मात्र दर रविवारी आणायच्या, आणि तेही आमच्या नाक्यावरच्या खाटकाला वैताग आणून. "नळी तोडायची नाही, अख्खी द्यायची." अख्खी नळी घरी आणून त्या कुकरमध्ये घालत नसत. गच्चीवर नेत. तिथे पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी दोन मोठे दगड ठेवले होते, एक खाली, एक हातात. कच्ची नळी त्या खालच्या दगडावर ठेवून वरच्याने फोडायची, मग तुकडे धुऊन कागदावर मांडायचे आणि भिंगातून बघायचे. काही नळ्या महिना-दोन महिने वाळवून मग फोडायच्या. ताजं हाड फुटलं की तिरकं, पीळ दिल्यासारखं फुटतं. वाळलेलं सरळ तुटतं, लाकडासारखं. जुन्या हाडांवर तिरकी फूट दिसली की समजायचं, कुणीतरी ते ताजं असताना फोडलंय, आतला मगज खायला. हे मला पाठ झालं होतं, कारण नळ्या वर पोचवायला मीच जायचो.

सोसायटीच्या सभेत अर्थातच तक्रार आली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका शाकाहारी गृहस्थांनी 'गच्चीवर चाललेले अघोरी प्रकार' असा विषयच घातला. बाई सभेला आल्या, येताना पिशवी घेऊन आल्या, आणि सगळ्यांपुढे हाडांचे तुकडे मांडून अर्धा तास बोलल्या. शेवटी गृहस्थ म्हणाले, "पण बाई, हे सगळं करून मिळतं काय?" बाईंनी तुकडे पिशवीत भरले. "काही नाही मिळत," त्या म्हणाल्या. "माझी सवय आहे." त्या वेळी त्यांचा चेहरा इतका दमलेला दिसला की सेक्रेटरीने विषय गुंडाळून पुढचा घेतला. दगड गच्चीवर तसेच राहिले.

माझी एक दाढही त्यांच्या संग्रहात आहे. जवळच्या निर्मळ गावात बाईंच्या ओळखीचे एक दंतवैद्य होते. आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांचे उपटलेले दात ते बाईंसाठी बरणीत साठवून ठेवायचे. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा बाईंनीच मला तिथे नेलं. मी खुर्चीत आ करून बसलोय आणि या दोघांची माझ्या दाढेच्या मुळांवर चर्चा चाललीय, तीन आहेत की दोन! घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर औषधाच्या रिकाम्या डबीत ती दाढ दिसली. वर चिठ्ठी: 'नाईक, पुरुष, वय ६१, खालची डावी दुसरी. स्थळ: निर्मळ.' मी म्हटलं, "बाई, मी चंदनसारचा. निर्मळला नुसती उपटली." त्या म्हणाल्या, "सापडली तिथे." मग थोडा विचार करून खाली कंसात 'मूळ चंदनसार' लिहिलं. मी म्हटलं, मूळ तर मी राजापूरचा. त्यांनी तेही लिहिलं. स्थळाच्या बाबतीत बाई फार काटेकोर. ज्या वस्तूचं स्थळ माहीत नाही ती वस्तू मुकी, असं त्या म्हणत.

आता कामणचं सांगतो. तेच सांगायला बसलोय, पण ते सांगताना माझा जीव थकतो.

वसई-भिवंडी रस्त्यावर कामणच्या पुढे गोदामांच्या रांगा आहेत. त्यातल्या एका रांगेमागे एक टेकाड होतं. उंची पुरुषभर-दीड पुरुष, वर गवत, एक-दोन पळस. एका पावसाळ्यात त्याची एक बाजू ढासळून आतली माती उघडी पडली होती. बाई एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला त्या बाजूला गेल्या असताना त्यांना तिथे धार काढलेल्या दगडाचे दोन छिलके सापडले. माणसाने काढलेला छिलका आणि आपोआप निघालेला छिलका यांतला फरक मला आजही कळत नाही, पण बाईंना चालत्या रिक्षातून कळायचा. झालं! पुढची पाच वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता मी स्कूटर काढायची, बाईंना मागे बसवायचं आणि कामणला न्यायचं. बाई उघड्या पडलेल्या बाजूपाशी बसायच्या, ब्रशने माती झाडायच्या, मोजायच्या, वहीत चित्र काढायच्या. त्या बाजूला तीन थर दिसत: वर तांबडा, मधे गोट्यांचा पिवळट, खाली राखाडी. पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक, इतके स्वच्छ की मलाही दिसायचे.

बाईंची एक पद्धत मात्र मला शेवटपर्यंत बघवली नाही. दगडासारखं काही सापडलं आणि ते दगड आहे की दगड झालेलं हाड आहे असा संशय आला, की त्या ते पुसून जिभेला लावायच्या. दगड जिभेवरून घसरतो. जुनं हाड चिकटतं, कारण ते आतून सच्छिद्र असतं. शास्त्रातली मान्य युक्ती आहे म्हणे. असेल. पण साखर असलेली, सत्तरीकडे झुकलेली बाई गोदामामागची माती चाटतेय हे बघून मी तोंड फिरवायचो. मी म्हणायचो, "उचलली जीभ लावली दगडाला!" त्या हसायच्या आणि पुढचा दगड पुसायच्या.

तिथे धर्मा भोईर नावाचा एक म्हातारा होता. टेकाडाच्या पलीकडे त्याचा भाताचा एक तुकडा उरलेला होता, दोन म्हशी होत्या. पहिल्या दिवशी त्याने बाईंना विचारलं होतं, "बाय, कानातला हरवला कं तुमचा?" नाही म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. पण दर रविवारी साडेदहाच्या सुमाराला तो कळशी घेऊन यायचा. "पानी घ्या, बाय." बाई पाणी प्यायच्या, 'देव तुमचं भलं करो' म्हणायच्या आणि परत ब्रश हातात घ्यायच्या. पाच वर्षांत त्यांचं एवढंच बोलणं झालं.

चौथ्या वर्षी त्या पिवळट थरात दाढ सापडली. मी पलीकडे सावलीत पेपर वाचत होतो. बराच वेळ बाईंची हाक आली नाही, म्हणून मान वर केली तर त्या तशाच बसलेल्या, तळहात पुढे धरून. अर्धी मोडलेली, काळपट, करंगळीच्या नखाएवढी. त्यांनी मुळाकडची बाजू जिभेला लावली. चिकटली. मग भिंगातून पाहिलं, खूप वेळ. मग भिंग माझ्या हातात दिलं. मला काय कळणार? मला दाढ दिसली, माझ्या दाढेसारखी.

"कुणाची?" मी विचारलं.

"डुकराची असू शकते," बाई म्हणाल्या. "डुकराची आणि माणसाची दाढ फसवते. भल्याभल्यांना फसवलंय." पण घरी येईपर्यंत त्यांनी ती मुठीतून सोडली नाही.

पुढचं वर्षभर त्यांनी त्या दाढेवर घालवलं. निर्मळच्या बरणीतले सगळे दात मोजले, खाटकाकडून डुकराचे जबडे आणवले, आणि शेवटी फोटो, मापं, साचा असं सगळं पुण्याच्या एका मोठ्या अभ्यासकांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं तो दिवस मला आठवतो. बाई जिना उतरून माझ्या घरी आल्या, गुडघे दुखत असून. पुण्याच्या सरांनी लिहिलं होतं की दाढ माणसाची वाटते, आणि आजच्या माणसाची नाही, फार जुनी वाटते. कोकणच्या मातीत असं हाड टिकल्याचं त्यांना ठाऊक नाही, म्हणून जागा आणि थर त्यांना स्वतः पाहायचे आहेत. पुढच्या शनिवारी येतो.

माझ्या बायकोने बाईंच्या हातावर साखर ठेवली. साखर असूनही त्यांनी खाल्ली.

आधीच्या रविवारी आम्ही शेवटची साफसफाई करायला गेलो. बाई पलीकडे तिसऱ्या थरावर ब्रश फिरवत होत्या. धर्मा पाणी घेऊन आला आणि मला गप्प बसवेना. मी त्याला सांगितलं, "दादा, तुझ्या गावाचं नाव जगात होणार. लाखो वर्षांपूर्वी इथे माणूस राहत होता. पुण्याहून मोठी माणसं बघायला येतायत."

धर्मा हसला. मनापासून हसला, वाईट हेतू नव्हता. "हितं? ह्या भरावात?"

"कसला भराव?"

"शेठ, हितं आमचा शेत व्हता. खोलगट. ते गोडावनवाल्यानं भरून घेतला, नि मंग त्याचा काम बंदच परला. घाटावरशी रेतीच्या गाड्या यायच्या. रेती चाळून ऱ्हायलेली गोटी नि माती हितं वतायचे. तीन पावसाळे वतत व्हते."

तीन पावसाळे. तीन थर. मी बाईंकडे पाहिलं. ब्रश थांबला होता. त्या गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उठल्या, धर्माजवळ आल्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला प्रश्न विचारला.

"गाड्या कुठून यायच्या, दादा? नदी कुठली?"

"कोन जाने, बाय. डायवर रोज येगला नाव सांगायचे. कंदी नाशिककरशी, कंदी त्याच्याही पलीकरशी." मग बाईंचा चेहरा बघून तो घाबरला. "मना वाटला तुमाना म्हाईत हाय. तुमी शिकलेल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला धर्माचा राग आला, खरं सांगतो. पाच वर्षं पाणी पाजतोस आणि एवढं बोलत नाहीस? पण त्याला विचारलं होतं कुणी? बाईंनी जागेच्या मालकाला, त्या गोदामवाल्याला, विचारलं होतं. तो म्हणाला होता, टेकाड बापजाद्यांपासून असंच आहे. शेतात परवानगीशिवाय भराव घातला हे तो कशाला कबूल करतोय? आणि याच बाई एम.ए.च्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायच्या, आधी गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, मग जमिनीला. घरी येताना त्या मागे बसून एकच वाक्य बोलल्या. "पाणी देणाऱ्याला मी कधी काही विचारलंच नाही."

मंगळवारी मी वर गेलो. टेबलावर पाच वर्षांच्या वह्या उघड्या होत्या. बाईंनी मला एक पान दाखवलं, दुसऱ्या वर्षीचं. पिवळट थरात निळ्या ताडपत्रीचा तुकडा सापडल्याची नोंद होती आणि पुढे त्यांच्याच अक्षरात: 'उंदराच्या बिळातून गेला असावा.'

"बीळ होतं का?" मी विचारलं.

"मी शोधलंच नव्हतं."

मग मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. त्याची आज मला लाज वाटते, पण बोललो. म्हटलं, बाई, गप्प बसा. ही गोष्ट तिघांना माहीत आहे. धर्मा कुणाला सांगणार नाही, मी नाही. दाढ तर खरी आहे ना? माणसाची आहे ना? मग ती इथे सापडली काय आणि तिथे, कुणाचं काय बिघडतंय? तुम्ही आयुष्यभर खस्ता खाल्ल्यात. एकदा तरी पदरात काही पडू दे.

बाईंनी वही मिटली. "दोन दिवस मीही तेच म्हणतेय स्वतःला," त्या म्हणाल्या. "पण पुढचे लोक यावर मजले चढवतील, नाईक. इथे माणूस होता म्हणून तिथे असणार, तिथे होता म्हणून आणखी कुठे. आणि दुसरं म्हणजे, मी थकले हो. खोटं सांभाळायला अंगात ताकद लागते. ती माझ्यात नाही."

"मग फोन करून सांगून टाका. त्यांची खेप तरी वाचेल."

"फोनवर नाही. जिथे चुकले तिथे उभं राहून सांगणार."

शनिवारी पुण्याहून गाडी आली. सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बरोबर यंत्रं, खांब, दोऱ्या. बाईंनी चांगली साडी नेसली होती. धर्माला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं. तो धुतलेला सदरा घालून लांब उभा होता. बाईंनी त्याला हाताला धरून पुढे आणलं.

"हे धर्मा भोईर," त्या म्हणाल्या. "ही माती इथली नाही. हा भराव आहे, हे यांना माहीत होतं, मला नव्हतं. मी विचारलं नाही. तुम्हाला पत्रात जे थर कळवले ते डंपरचे थर आहेत."

गोदामात कुणीतरी लोखंडी पत्रा आपटत होतं. सरांनी खाली बसून माती चुरून पाहिली, आणि बाईंनी ताडपत्रीचा तुकडा आणि वहीचं ते पान त्यांच्यापुढे धरलं. स्वतःच्या चुकीचा पुरावा त्या इतक्या नीट मांडत होत्या, की जणू दुसऱ्याच्या प्रबंधाची परीक्षा घेतायत. सर भले माणूस. रागावले नाहीत. धर्माला त्यांनी बरेच प्रश्न विचारले, गाड्यांचे, ड्रायव्हरांचे, पण त्यातून काही हाती लागेना. अर्ध्या तासात यंत्रं गाडीत परत गेली.

"दाढ मात्र, बाई..." जाताना सर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

"नदी कळली असती तर..."

"हो."

त्यांनी दाढेची डबी सरांच्या हाती दिली. चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली होती, 'स्थळ'च्या पुढची जागा मात्र कोरी. सरांनी ती वाचली, डबी वरच्या खिशात ठेवली आणि बाईंना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार बाईंना आवडला नाही, हे मला दिसलं. सांत्वनाचा नमस्कार होता तो.

परत आलो तर इमारतीत वीज नव्हती, लिफ्ट बंद. मी बाईंच्या मागून एकेक पायरी चढत होतो. प्रत्येक मजल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहत होत्या. दुसऱ्या दिवशी मला राजापूरला जावं लागलं, चुलतभावाच्या कार्याला, आणि पंधरा दिवसांनी परतलो तेव्हा बाईंची भाची येऊन त्यांना कराडला घेऊन गेली होती. तिथेच त्या गेल्या. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते त्या जिन्यातच शेवटचं. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारापाशी त्या थांबल्या. मी म्हटलं, पाणी घेऊन जा. नको म्हणाल्या. चार पायऱ्या वर चढल्या, पुन्हा थांबल्या आणि माझ्याकडे न वळताच बोलल्या.

"माणसाचीच होती हो ती, नाईक. आता त्या बिचाऱ्याला गाव नाही."

आणि कठडा धरून वर गेल्या.